पाचशे की सहाशे? की तीनशेच बरी?

दिवाळी उलटली की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच: "भिगवणला, उजनीच्या पाणपक्ष्यांचे फोटो काढायला जायचंय, कुठली लेन्स घेऊ?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा निकॉनचा डी७२००, डी७५०० किंवा डी५०० असतो, घ्यायची असते सेकंडहँड, आणि मनात तीन नावं घोळत असतात. निकॉनची २००-५०० एफ/५.६, सिग्माची १५०-६०० कन्टेम्पररी आणि निकॉनचीच ३०० एफ/४ पीएफ. तिन्ही २०१५च्या सुमारास बाजारात आल्या, त्यामुळे वापरलेल्या बऱ्याच मिळतात. पहिली माझ्याकडे कित्येक हिवाळे आहे. दुसरी मित्राची, पण दोन हंगाम तिचा मुक्काम माझ्याच बॅगेत होता. तिसरी भाड्याने आणून वापरली. भिंतीवर तक्ते लावून लेन्स तपासणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यांचा जीव अडकतो तो ५०० ते ६०० या शेवटच्या शंभर मिलिमीटरांत. तर गणित करून बघू. उजनीच्या पाण्यात ६० मीटरवर रोहित (फ्लेमिंगो) उभा आहे, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा. ५०० मिमीला चौकटीत साधारण २.८ मीटर रुंदी मावते, ६०० ला २.३५ मीटर. म्हणजे पक्षी दिसतो तो सव्वापटही मोठा नाही. चार फुटांहून उंच पक्ष्याला हा फरक फारसा जाणवत नाही. काठावरच्या एवढ्याशा धोबी पक्ष्याला मात्र जाणवतो, नाही असं नाही. पण नावाडी इंजिन बंद करून बांबूने नाव आणखी पाच-दहा मीटर पुढे सरकवतो तेव्हा ते शंभर मिलिमीटर फुकटात मिळतात. आणि साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की ६०० काय नि ५०० काय, दूरचा पक्षी भिजल्या कागदावर छापल्यासारखाच येतो. तो दोष लेन्सचा नाही, उशिरा उठण्याचा आहे.

त्या सहाशेची किंमत उजेडात मोजावी लागते. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं, ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त. निकॉन २०० पासून ५०० पर्यंत एफ/५.६ वरच राहते. सिग्मा १५० ला एफ/५ असते, पण ४०० च्या अलीकडेच एफ/६.३ वर जाते. फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ, सेन्सरची संवेदनशीलता, ८०० ऐवजी १०००. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पावणेसातच्या उजेडात डी७२०० वर कडेचे फोकस पॉइंट वापरताना सिग्मा चाचपडते, निकॉन कमी चाचपडते. शिवाय सिग्मा ६०० वर पूर्ण उघडी ठेवली की पिसांचे काठ जरासे मऊ येतात, एफ/८ ला सुधारतात. निकॉन ५०० ला उघडीच वापरावी. माझे बहुतेक फोटो एफ/५.६ चेच आहेत.

वजनात मात्र सिग्मा जिंकते. ती १९३० ग्रॅम, निकॉन कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम. पावणेचारशे ग्रॅम म्हणजे काय, हे दुकानात कळत नाही. नावेत ट्रायपॉडला जागा नसते, असली तरी इंजिनाचा हादरा थेट लेन्सपर्यंत पोचतो. म्हणजे सगळं हातावर. दीड तासाने डावा खांदा बोलायला लागतो, आणि नेमका तेव्हाच ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी, पाण्यावर झेपावतो. जिप्सीत हा प्रश्नच नाही. ताडोबात किंवा सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडीच्या कडेवर तांदळाची पिशवी ठेवली की दोन्ही सारख्याच. (बीन बॅग विकत घेऊ नका. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवा, तांदूळ तिथे पोचल्यावर भरा.)

आता एक गोष्ट, जी कागदावर कुठे दिसत नाही. सिग्माची झूम रिंग निकॉनच्या उलट दिशेने फिरते. सवय होईल म्हणतात. मला दोन हंगामांत झाली नाही. पट्टकादंबांचा थवा उठला की मेंदू जुन्याच दिशेने हात फिरवतो, थवा जवळ यायच्या ऐवजी ठिपक्यांएवढा होतो. कॅननवरून आलेल्याला उलट हीच दिशा ओळखीची. निकॉनची रिंगही काही गुणाची नाही. २०० वरून ५०० ला जायला ती इतकी फिरवावी लागते की मध्येच मनगट सोडून पुन्हा पकडावं लागतं. मी तर सरळ ५०० वरच ठेवतो. मग झूम घेतलीच कशाला, असं बायको विचारते. उत्तर नाही.

इथेच तिसरी लेन्स आठवते. ३०० पीएफचं वजन ७५५ ग्रॅम. १.४चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारं, पल्ला १.४ पट करणारं भिंग) लावला तरी किलोच्या आत, आणि मिळते ४२० एफ/५.६. मघाच्या ६० मीटरवर रुंदी ३.४ मीटर होते, म्हणजे भिगवणच्या रोहितांसाठी ती थोडी तोकडीच. पण सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तकामागे पायी फिरायचं असेल तर पहिल्या दोघींना घरी ठेवा. पीएफ दिवसभर गळ्यात राहते, दिसली फांदी की डोळ्याला. १.४ मीटरवर फोकस करते, म्हणून फुलपाखरं आणि चतुरही हाती लागतात. (निकॉन झूमला २.२ मीटर लागतात, सिग्माला २.८.) तोटेही आहेत. तिच्यातल्या खास फ्रेनेल भिंगामुळे समोरून सूर्य आला की चमकीची विचित्र वर्तुळं येतात. कॉलर वेगळी घ्यावी लागते. आणि वापरलेली असूनही ती झूमपेक्षा स्वस्त पडेल या आशेवर राहू नका.

कॅमेरा जुना असेल तर आणखी एक अडचण. निकॉनच्या या दोन्ही लेन्समध्ये ॲपर्चरच्या पाकळ्या विजेवर चालतात. डी९० वर ॲपर्चर बदलताच येत नाही. डी३१०० किंवा डी७००० पासून पुढे चिंता नाही. उद्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर जायचा विचार असेल तर एफटीझेड अडॅप्टरवर तिन्ही चालतात, सिग्माचं फर्मवेअर तेवढं ताजं आहे ना बघा.

मला विचाराल तर नाव आणि जिप्सी हेच तुमचं फिरणं असेल तर २००-५०० घ्या. खांदा किंवा पाठ आधीच कुरकुरत असेल, किंवा सिग्मा स्वच्छ अवस्थेत बऱ्याच कमी पैशांत मिळत असेल, तर तीही घ्या, पण रिंग आधी फिरवून बघा. पायी फिरणारे असाल तर पीएफ, आणि भिगवणला ४२० वर समाधान माना.

घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, भाव कितीही उतरवला तरी नको. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे जास्त सापडतं. झूम असेल तर तोंड खाली करून धरा, आपोआप घसरते का बघा. निकॉन झूमच्या कॉलरचा पाय मुळातच लेचापेचा असतो, तो हलला म्हणून सौदा मोडू नका. पीएफ असेल तर १/१२५ सेकंदाच्या आसपास व्हीआर (हाताचा हादरा सावरणारी सोय) चालू ठेवून दहा फोटो काढा. सुरुवातीच्या काही नगांना तिथे धूसरपणाचा त्रास होता, नंतर फर्मवेअरने तो निस्तरला. आणि परत येताना सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या. ९५ मिमीच्या यूव्ही फिल्टरवर जाणारे पैसे त्यात घाला, वर भिगवणच्या एका फेरीचं नावभाडंही सुटेल.