आरसा ‘एकच इंच मोठा’ घ्या म्हणाले, तर आधी हिशेब मागा

आमच्या बेसिनखालचं कपाट ३६ इंच रुंद आहे. त्यावर ३० बाय ३६ चा आरसा लावायचा हे मी घरून ठरवूनच निघाले होते. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे, खाली ओट्याच्या वर चार-पाच इंच टाइल दिसेल एवढी जागा, म्हणजे नळाचं पाणी थेट काचेच्या कडेला लागत नाही. वर दिव्याच्या वायरीपर्यंतही अंतर राहत होतं. कपाटाएवढाच रुंद आरसा मला मुळात आवडत नाही. कडेला कड जुळवायला गेलं की टाइल कुठे तिरकी बसलीय ते सगळ्या पाहुण्यांना दिसतं.

पुण्यातल्या एका काचेच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माप लिहून घेतलं, मग नापसंतीने मान हलवली. “ताई, ३६ च्या कपाटावर ३० बारका वाटेल. ३१ बाय ३७ करू या. एका इंचाने काय होतंय? रेट तोच, १८० रुपये फूट.” पाच एमएमचा आरसा, कडांना मशीन पॉलिश, फिटिंग त्यांच्याच माणसाकडून, असं तोंडी ठरलं. अ‍ॅडव्हान्स घेतला. हिशेब मात्र आरसा कापून, पॉलिश होऊन, दारात आल्यावर हातात पडला: साडेदहा फूट.

३१ गुणिले ३७ म्हणजे ११४७ चौरस इंच. १४४ ने भागलं की ७.९७, धरा आठ चौरस फूट (दुकानात नुसतं ‘फूट’ म्हणतात). मग साडेदहा कुठून? दुकानात फोन केला तर उत्तर तयार होतं. “काचेचं माप सहा इंचाच्या पटीत धरतात. ३१ चे ३६ झाले, ३७ चे ४२. सगळ्या मार्केटला हाच नियम आहे.”

हा नियम खोटा नाही, हे आधी सांगते. काच मोठ्या तावातून कापतात, उरलेली चिंचोळी पट्टी कुणाच्या कामाची नसते, म्हणून माप पुढच्या पटीला नेऊन धरायची पद्धत बऱ्याच दुकानांत आहे. कुठे तीन इंचांची पट, कुठे सहाची. पण मी सांगितलेलं ३० बाय ३६ हे दोन्ही पटींत चपखल बसत होतं! साडेसात फूट, १३५० रुपये, विषय संपला असता. त्या माणसाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणूनच त्याने नेमका एकेक इंच वाढवला. मला काच मिळाली जेमतेम अर्धा फूट जास्त, आणि पैसे गेले तीन फुटांचे. १३५० चे १८९० झाले.

पॉलिशमध्येही तेच. पॉलिश रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर लावतात. आरशाच्या चार कडा मिळून ११ फूट ४ इंच, बिल १३ फुटांचं. तावाची कापून गेलेली पट्टी मोजली हे एक वेळ समजू शकते, पण जी कड अस्तित्वातच नाही ती यांनी कोणत्या मशीनवर घासली? यावर फोन ठेवला गेला.

रक्कम फार मोठी नाही, मान्य. पुढचं मात्र जास्त महाग पडलं.

आरसा भिंतीवर चढल्यावर मध्यभागी उभं राहिलं की चेहरा ठीक, जरा बाजूला सरकलं की गाल लांबट. ‘बाथरूमच्या लाइटमुळे तसं दिसतं’ म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात खालच्या कडेला तपकिरी ठिपके आले, मग काळी रेघ वर चढायला लागली. दुकानदार म्हणाला, तुम्ही टाइलला अ‍ॅसिड मारलं असेल. आमच्या घरात अ‍ॅसिडची बाटलीच येत नाही.

शेवटी दुसऱ्या काचवाल्याला बोलावलं. त्याने बारीक तार घालून आरसा सोडवला आणि मागची बाजू दाखवली. आरसा चिकटवायच्या सिलिकॉनचे पाच-सहा गोळे, एक जाड, एक पातळ. काच पातळ असली आणि असे गोळे मारून दाबली की ती किंचित वाकते, प्रतिबिंब त्यामुळे ओढल्यासारखं दिसतं. बसवताना आंबट व्हिनेगरसारखा वास आला होता का, असं त्याने विचारलं. आला होता, घरभर. ते साधं सिलिकॉन. सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड निघतं आणि आरशाच्या मागचा रंग आणि चांदीचा थर त्याने खराब होतो. आरशाला न्यूट्रल, म्हणजे असं अ‍ॅसिड न सोडणारं सिलिकॉन लागतं, ते महाग असतं.

मग जाडी. काचेचं वजन ठरलेलं असतं, एक चौरस मीटर आणि एक एमएम जाडीला अडीच किलो. माझा आरसा पाऊण चौरस मीटरला जरा कमी, म्हणजे पाच एमएमचा असता तर सव्वानऊ किलो भरायला हवा होता. घरच्या वजनकाट्यावर तो साडेसातच्याही आत राहिला. कडेला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, चार एमएम. मापात जादा घेतलंच होतं, जाडीतही कापलं होतं.

हे घेऊन दुकानात गेले तर त्यांनी बिल मागितलं. बिल म्हणजे काय, तर एका चिठ्ठीवर ‘आरसा १ नग, फिटिंगसह’ आणि खाली आकडा. जाडी नाही, माप नाही, जीएसटी क्रमांक नाही. ‘यात पाच एमएम कुठे लिहिलंय?’ असं मलाच विचारलं.

नवा आरसा मी ३० बाय ३६ चाच केला. ऑर्डरच्या कागदावर हे सगळं लिहून घेतलं: तयार आरशाचं माप मिलिमीटरमध्ये (७६२ बाय ९१४), पैसे किती चौरस फुटांचे, जाडी ५ एमएम, पॉलिश किती रनिंग फूट, सिलिकॉन न्यूट्रल, आणि एकूण रक्कम. कायद्याने मोजमाप मेट्रिकमध्येच हवं, पण काचेचा बाजार फुटा-इंचावर चालतो, तेव्हा दोन्ही लिहा. कापायच्या आधी लिहून घ्यायचं, दारात आल्यावर नाही. दुकानदार कुरकुरला तरी लिहून देतो. जो देत नाही त्याच्याकडून काच घेऊ नका. फ्रेमचा किंवा एलईडीचा तयार आरसा घेत असाल तर खोक्यावरचं माप फ्रेम धरून आहे की नुसत्या काचेचं, तेही विचारा.

ज्यांच्याकडे माप-जाडी लिहिलेलं पक्कं बिल आहे आणि तरीही असंच झालंय, त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. मापात गडबड असेल तर वैध मापनशास्त्र विभागाकडेही जाता येतं. तिन्ही ठिकाणी पहिली मागणी बिलाचीच होते.