नवाहो मातीचे भांडे निवडताना: राळेचे, घोटलेले की साच्यातले?

अमेरिकेतील ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या प्रवासात नवाहो या तिथल्या मूलनिवासी समाजाचे मातीचे भांडे घेऊ इच्छिणाऱ्यासमोर मुख्यतः तीन प्रकार येतात. जुन्या पद्धतीतली कोणती पायरी बदलली आहे, हे पाहून त्यांतून निवड करावी.

पहिला प्रकार राळ लावलेल्या तपकिरी भांड्याचा. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून ते हाताने उभे केले जाते, उघड्यावर लाकडाच्या जाळात भाजले जाते आणि गरम असतानाच त्यावर पिन्यॉन पाइन या चिडवर्गीय झाडाची वितळलेली राळ चोळली जाते; या राळेमुळेच त्याला चकाकी येते आणि पाणी पाझरणे बरेच कमी होते. जाळाच्या स्पर्शाने उमटलेले काळपट डाग हा दोष मानू नये. काठाखालच्या मातीच्या नक्षीदार पट्टीत मुद्दाम एक फट ठेवण्याची प्रथा आहे. धातूची भांडी आल्यावर घरगुती वापर ओसरला, तरी विधींसाठी, विशेषतः कातडे ताणून ढोल करण्यासाठी, ही भांडी घडत राहिली.

दुसऱ्या प्रकारात पृष्ठभाग बदलतो, कधी माती आणि आकारही; हाताने घडवण्याची पद्धत मात्र बदलत नाही. नवाहो कुंभार रोझ विल्यम्स यांची कन्या ॲलिस क्लिंग (जन्म १९४६) यांनी वळ्या आणि उघडा जाळ कायम ठेवला, मात्र लाल मातीचा पातळ लेप देऊन भांडे दगडाने घोटले आणि राळेचा थर अगदी हलका केला. त्यामुळे जाळाने उमटवलेल्या लाल, नारिंगी आणि काळसर छटा स्पष्ट दिसू लागल्या. नवाहो कलाकार क्रिस्टीन मॅकहॉर्स यांनी ताओस प्युब्लो या न्यू मेक्सिकोतील दुसऱ्या मूलनिवासी समाजाच्या वस्तीतल्या आपल्या आजेसासूबाईंकडून अभ्रकमिश्रित मातीचे काम शिकून त्यातून शिल्पासारखे आकार घडवले. माझ्या मते परंपरा आणि नवता यांचा खरा मेळ इथेच आहे.

तिसऱ्या प्रकारात पातळ माती साच्यात ओतून, तयार आकारावर नक्षी कोरून, भांडे विजेच्या भट्टीत भाजतात. काहींवर तापलेल्या अवस्थेत घोड्याचे केस टेकवून काळ्या रेषा उमटवतात. कोरीवकामात कौशल्य असते आणि किंमतही बहुधा आटोक्यात राहते, परंतु आकार कारागिराच्या हातून घडलेला नसतो. अमेरिकेचा १९९० चा ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट’ (इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी) मूलनिवासींच्या नावाने केलेल्या खोट्या विक्रीला आळा घालतो. साच्याला मात्र तो मनाई करत नाही. म्हणून हे भांडे वळ्यांचे आहे की ओतीव, असे विक्रेत्याला थेट विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

शोभेसाठी कमी खर्चात घ्यायचे असल्यास तिसरा प्रकार चालेल. संग्रहासाठी दुसराच घ्यावा, आणि पहिला घेतल्यास तो उन्हापासून दूर ठेवावा, कारण उष्णतेने राळ मऊ होते.