राजी: आठ महिन्यांत तीनदा संपवल्यावर

गेल्या दिवाळीत 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' ही व्हिडिओ गेम घेतली, ती आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलीय म्हणून. गेम २०२० सालची, मी उशिराच पोचलो. सलग खेळलं तर पाच-सहा तासांत संपते. तरी तीनदा खेळलो, आणि लढाया उरकून दर वेळी गेममधल्या चित्रांच्या भिंतींपुढेच रेंगाळलो.

कोथरूडला आमचं घर लहान, त्यामुळे खेळायचं ते रात्री, आवाज बंद करून. एका रात्री कुडाळहून आलेली आजी शेजारी येऊन बसली. पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्या हलत होत्या: रक्षाबंधनाचा दिवस, कसरतीचे खेळ करणारी राजी, धाकटा गोलू आणि त्याला उचलून नेणारे राक्षस. आजीला इंग्रजी येत नाही, आवाज तर नव्हताच. तरी तिने विचारलं, "ह्यो तिचो भाव ना रे? गावतलो मा तिका?" थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यां तर आमच्या पिंगुळीचा." कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गातात. आजीने लहानपणी ते देवळात पाहिलंय. तिला गेम म्हणजे काय हे समजावून सांगावंच लागलं नाही.

त्यानंतर मी गेमकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. यात कॅमेरा, म्हणजे दृश्य दिसण्याचा कोन, आपल्याला फिरवता येत नाही. सुरुवातीला याचा राग आला होता. पण एखादा कडा चढून वर आलं की कॅमेरा आपसूक मागे सरकतो, समोर प्रचंड मूर्ती, बुरूज, आणि खाली बोटाच्या पेराएवढी राजी. पोर किती एकटी आहे ते तेवढ्यात कळतं. कॅमेरा माझ्या हातात असता तर मी वाट शोधत बसलो असतो, तिच्याकडे बघितलंच नसतं.

सगळ्यात आवडली ती गोल चक्रांची कोडी. कडी फिरवून तुकडे जुळवले की राजी आणि गोलूच्या जुन्या आठवणीचं चित्र तयार होतं. दुसऱ्या खेपेला उत्तर माहीत होतं, तरी मी शेवटचं कडं हळूहळू फिरवलं. आठवण आपल्याच हाताने जुळवायला लावली, म्हणून गोलूला शोधणं माझंही काम झालं. नुसतं पाहून एवढा जीव गुंतला नसता.

एक सांगतो: मॉनिटर भडक रंगांच्या मोडवर असेल तर आधी तो बदला. यातले रंग हाताने रंगवल्यासारखे आहेत. माझा पहिला महिना त्या मोडमध्येच गेला. नेहमीच्या मोडवर आणलं, ब्राइटनेस उतरवला, तेव्हा कुठे भिंतींवरच्या चित्रांमधल्या बारीक रेषा दिसल्या.

गणपतीला कुडाळला जाताना लॅपटॉप सोबत नेणार आहे. आजीने शेवट अजून पाहिलेला नाही, फोनवर दर वेळी गोलूचं विचारते.