आर्चर सी६ राउटर: प्लॅन वाढवण्याआधी सिग्नल मोजा

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर भागातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला टीपी-लिंकचा आर्चर सी६ पुरतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात मात्र तो एकटा पुरणार नाही. याची खरी जमेची बाजू म्हणजे पोर्ट: पाचही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे. त्याच कंपनीच्या सी५० वरही एसी१२०० (वायफायच्या वेगाचा वर्ग) असंच छापलेलं असतं, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. २०० चा प्लॅन घेतला तरी त्यातून जेमतेम ९४-९५ मिळतात.

१२०० या आकड्याला भुलू नका. ती ५ गिगाहर्ट्झ बँडची (लहरींच्या पट्ट्याची) ८६७ आणि २.४ ची ३०० एमबीपीएस यांची वर गोल केलेली बेरीज आहे, आणि फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. ८६७ हाही फक्त लिंक स्पीड, म्हणजे फोन आणि राउटरमधल्या जोडणीचा कागदावरचा वेग. डाउनलोड साधारण त्याच्या निम्म्यावर किंवा थोडं वर, तेही सिग्नल तगडा असेल तर.

सिग्नल मोजायला फोनमध्ये वायफाय ॲनालायझर ॲप टाका आणि डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) बघा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० ला वेग भरपूर, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे सगळं रखडतं. आकडा १० नं घसरला की सिग्नलची ताकद एक दशांशावर येते. मग राउटर एका वेळी कमी बिट पाठवतो आणि हरवलेली पॅकेट (डेटाचे तुकडे) पुन्हा पाठवत बसतो. मागच्या खोलीतला असा एक रेंगाळणारा फोन हॉलमधल्या टीव्हीचाही वेळ खातो. हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही!

टीव्हीमागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी राउटर ठेवू नका. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवा.

वाड्याची दीड-दोन फुटी भिंत ५ गिगाहर्ट्झला दाद देत नाही. तिथे स्वस्तातला रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ नका. तो एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढा आणि पलीकडे दुसरा सी६ ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायनं पसरवायला) लावा. वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवा, २.४ चे चॅनल मात्र १, ६, ११ पैकी वेगवेगळे.

खरेदीआधी गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप केबलनं थेट जुन्या राउटरला जोडून स्पीड तपासा. केबलवरच वेग कमी असेल तर दोष लाइनचा किंवा जुन्या राउटरच्या पोर्टचा, वायफायचा नाही.