पाच लिटरच्या फर्मेंटरला कोणती मोटार: ब्रशवाली डीसी, बीएलडीसी, स्टेपर की इंडक्शन?

फर्मेंटर म्हणजे सूक्ष्मजीव किंवा पेशी वाढवायचं भांडं; त्यातलं माध्यम ढवळायला मोटार लागते. विक्रेत्याच्या पत्रकात कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) ठळक छापलेला असतो. निवड मात्र दोन गोष्टींवर ठरते: किती कमी वेगावर मोटार न अडखळता फिरते आणि कमाल वेगावर तिच्यात जोर किती उरतो.

आधी हिशेब. ६० मिमी व्यासाचे दोन रश्टन इम्पेलर (उभ्या सपाट पात्यांच्या ढवळण्या), चार बॅफल (भांड्याच्या भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या), पाण्यासारखं पातळ माध्यम. ६०० आरपीएमला एक इम्पेलर जेमतेम ४ वॅट घेतो, १२०० ला ३१. वेग दुप्पट, शक्ती आठपट. म्हणजे १२०० ला दोघांना मिळून ६२ वॅट आणि ०.५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). सीलचं घर्षण वेगळं. माध्यमात हवा सोडली की हा भार बराच उतरतो. तेवढ्यावर बेतून मोटार घेतली, तर हवा बंद पडताच ड्राइव्ह (मोटार चालवणारं सर्किट) ट्रिप होतो. भार बिनहवेचाच धरा.

ब्रशवाली डीसी स्वस्त आणि चालवायला सोपी. पण एन्कोडर (शाफ्टचं फिरणं मोजणारा सेन्सर) नसेल तर माध्यम दाट होताच वेग खाली येतो आणि डिस्प्लेवर मात्र सेट केलेलाच आकडा दिसत राहतो. तीन-तीन दिवसांच्या बॅचेस असतील तर कार्बन ब्रश झिजणारच; सुटे ब्रश आणून ठेवा. ठिणगी उडते, त्यामुळे सॉल्व्हंटजवळ ही नकोच.

प्राणीपेशींसाठी ५० ते १५० आरपीएम लागतात, तिथे स्टेपर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणारी मोटार, शोभते. वेग वाढवला की तिचा टॉर्क झपाट्याने पडतो, ई. कोलाय जिवाणूंसाठी हजाराच्या पुढे न्यायचं असेल तर तिचा नाद सोडा. शिवाय एन्कोडर नसेल तर स्टेप चुकून शाफ्ट थांबला तरी कंट्रोलरला पत्ता नसतो.

चार पोलची इंडक्शन मोटार ५० हर्ट्झला सुमारे १४४० फिरते. व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) २०० आरपीएमला आणायची तर ७ हर्ट्झ. तिचा पंखा त्याच शाफ्टवर, तोही मंदावतो, म्हणून थंड करणारी हवा मिळत नाही आणि मोटार तापते. व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटाने पीएचचं रीडिंगही नाचतं. शील्डेड केबल आणि नीट अर्थिंग हवंच. एवढ्या लहान भांड्याला हा पसारा कशाला?

आमचं मत बीएलडीसीला (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीला), पण थेट जोडून नव्हे. १०० वॅट, ३००० आरपीएमची मोटार ०.३२ न्यूटन-मीटरच देते, म्हणजे वरच्या ०.५ ला कमीच. मोटारीवर २० दातांची आणि शाफ्टवर ५० दातांची टायमिंग पुली (दातेरी पट्ट्याचं चाक) लावा: १२०० आरपीएमला ०.८ च्या आसपास मिळतो. खालच्या टोकालाही फायदा. हॉल सेन्सरवरची (चुंबकावरून रोटरची जागा ओळखणाऱ्या सेन्सरवरची) साधी बीएलडीसी शंभरच्या खाली हिसके देते. पुलीमुळे शाफ्ट ५० वर असताना मोटार १२५ वर असते. पट्टा सैल राहिला तर दात उड्या मारतात आणि फार ताणला तर वरचं बेअरिंग जातं. भांडं ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) नेताना मोटार काढावी लागते, तेव्हा परत बसवल्यावर ताण दर वेळी तपासा.