पंचनाम्याचे अनुदान की पीक विमा : हप्ता भरण्यापूर्वी

नुकसान झाले तर सरकार अनुदान देतेच, मग विम्याचा हप्ता कशाला भरायचा, असा हिशेब मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी आज करतो आहे. २०२३ पासून विमा एक रुपयात मिळत होता, तेव्हा हा हिशेब करण्याची गरजच नव्हती. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि विमा संरक्षित रकमेच्या (पिकासाठी जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या भरपाईच्या) खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का व नगदी पिकांना ५ टक्के हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ लागला.

मात्र हप्त्यापेक्षा मोठा बदल नुकसान मोजण्याच्या पद्धतीत झाला आहे. पूर्वी शेतात पाणी साचले की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवता येई आणि त्या एका शेताची पाहणी होत असे. २०२५ पासूनच्या सुधारित योजनेत भरपाई महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या मिळून बनलेल्या भागाच्या, सरासरी उत्पादनावर ठरते. त्यामुळे ओढ्याकाठचे तुमचे सोयाबीन पूर्ण वाहून गेले, पण मंडळातील इतरांना बरे पीक आले, तर विम्यातून काहीही हाती लागणार नाही. हा मला या योजनेतील सर्वांत गंभीर दोष वाटतो. अशा शेतकऱ्याला तलाठी आणि कृषी सहाय्यकांचा पंचनामा हाच आधार उरतो, कारण पंचनामा गटनिहाय, म्हणजे एकेका शेताचा, होतो.

रकमांचा विचार केला तर चित्र उलटे दिसते. सोयाबीनची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५८,००० रुपये धरली, तर हप्ता १,१६० रुपये होतो. मंडळाचे उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली पीक गेले तर भरपाई मिळते ते उत्पन्न) हेक्टरी १,००० किलो आणि प्रत्यक्ष उत्पन्न ६०० किलो निघाले, तर तूट ४० टक्के, म्हणजे भरपाई २३,२०० रुपये. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांनुसार अनुदान मात्र जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहे, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत आणि नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तरच. पंचनाम्यात ३० टक्के लिहिले गेले, तर काहीच मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा जाहीर केले, परंतु ही वाढ त्या वर्षीच्या भीषण अतिवृष्टीनंतर झालेला सरकारी निर्णय होता, विम्यासारखा करार नव्हता. पुढच्या वर्षी तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

म्हणून सपाट, एकसारख्या पट्ट्यात, जिथे पावसाचा खंड किंवा अतिवृष्टी साऱ्या मंडळाला एकदम झोडपते, तिथे हप्ता जरूर भरावा. विमा घेतला म्हणून अनुदान नाकारले जात नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याने विमा घेतला तरी त्यावर फार भिस्त ठेवू नये आणि पाणी शिरताच पंचनाम्याचा आग्रह धरावा. जमीन खरडून गेली तर विम्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो फक्त पिकाचा असतो. अशा जमिनीला निकषांनुसार हेक्टरी ४७,००० रुपये मदत आहे.

दोन्हीकडे ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कोणते पीक आहे याची मोबाइलवरून सातबाऱ्यावर केलेली, नोंद निर्णायक ठरते. विमा सोयाबीनचा आणि नोंद तुरीची असेल, तर दावा फेटाळला जातो. बटाईने करणाऱ्याची अडचण वेगळी आहे : अनुदान सातबाऱ्यावरील नावाला मिळते, तर विमा नोंदणीकृत भाडेकरार असल्यास त्यालाही घेता येतो.

जनावरांबाबत उत्तर सोपे आहे. आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मिळतात. आजाराने मेलेल्या म्हशीला मात्र यातून काहीही मिळत नाही, आणि चांगली म्हैस लाखाच्या घरात जाते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्केच असल्याने, कानात बिल्ला मारलेल्या दुभत्या जनावराचा विमा काढून ठेवणेच योग्य.