सदरमधला ‘नियमशास्त्र आणि विश्वास’ अभ्यासवर्ग: पाया पक्का, शेवट घाईत

सहा शनिवार, दर वेळी दीड तास, सगळं मराठीतून, सोबत एक टिपणवही. नागपूरच्या सदर भागातल्या या बायबल-वर्गाला कॅथलिक आणि सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) दोन्हीकडची मंडळी बसतात. विषय असा: मोशेचं नियमशास्त्र पाळून माणूस देवापुढे नीतिमान ठरतो की विश्वासाने? वर्गाची गंमत त्यातच आहे, अडचणही त्यातच.

असे वर्ग बहुधा नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रापासून सुरू होतात. तिथे यहुदी नसलेल्यांनी सुंता करावी का, हा वाद ऐन भरात आलेला असतो, त्यामुळे नवखा माणूस ‘नियमशास्त्र वाईट, विश्वास चांगला’ एवढंच घेऊन घरी जातो. इथे पहिला अख्खा शनिवार बायबलच्या पहिल्या पुस्तकाला, उत्पत्तीला दिलाय, हे फार बरं केलं. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो 15व्या अध्यायात, सुंता आली 17व्यात, आणि पौलाच्या हिशेबाने नियमशास्त्र वचनानंतर 430 वर्षांनी. रोमकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात पौल नेमकं हेच विचारतो: सुंतेआधी की सुंतेनंतर? हा क्रम वहीत एका आडव्या रेघेवर मांडून दिलाय. वहीतलं सगळ्यात कामाचं पान तेच.

दुसऱ्या शनिवारी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर यरुशलेमच्या सभेने चारच बंधनं ठेवली: मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म. नागपुरात हा अध्याय कोरडा जाणं शक्यच नाही. शेजारच्या गणपतीचा प्रसाद घ्यायचा का, हा प्रश्न लगेच निघतो, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 आणि 10 हे अध्याय लावून तो नीट सोडवला जातो: बाजारातलं मटण विचारपूस न करता खा, पण कोणी ‘हे वाहिलेलं आहे’ म्हणून सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी थांबा. रक्ती (जनावराच्या रक्ताचा पदार्थ) मात्र प्रश्नातच राहते. पश्चिमेकडच्या चर्चने ते बंधन त्या काळापुरतं मानलं (फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1442 मध्ये तसं लिहूनच ठेवलं), पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ते आजही आहे. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

खरा गोंधळ होतो दहा आज्ञांवर. ‘पाचवी आज्ञा’ म्हटलं की कॅथलिकांना ‘खून करू नको’ आठवतं, सी.एन.आय.वाल्यांना आईबापांचा मान. कारण साधं आहे: कॅथलिक मूर्तींची मनाई पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या शेवटी दोन करतात. शिकवणाऱ्यांनी आकड्याऐवजी आज्ञेचे शब्दच म्हणावेत, वाद मिटतो.

नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक अशी नियमशास्त्राची त्रिविभागणी वहीत जणू मोशेनेच केल्यासारखी छापली आहे. ती पक्की रुजली तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासमुळे. लेवीय 19 उघडून बघा: 18व्या वचनात शेजाऱ्यावर प्रीती, लगेच 19व्यात दोन जातींच्या सुतांचं कापड वापरू नका. सोयीसाठी कप्पे करायला हरकत नाही, पण ते कप्पे मागाहून केलेत हे सांगायला हवं.

शेवट मात्र फसलाय. याकोबाचं पत्र सहाव्या शनिवारच्या शेवटच्या वीस मिनिटांत कोंबलंय. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने रोमकरांस 3:28 च्या भाषांतरात विश्वासाआधी ‘केवळ’ हा शब्द घातला. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकत्र येतात ते याकोब 2:24 मध्येच, आणि तेही नकारासकट: माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. पाचशे वर्षांचं भांडण इथलंच. याच प्रश्नावर लुथरन आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. वर्गात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. सहा मंडळ्या एक होऊन 29 नोव्हेंबर 1970 ला सी.एन.आय. जन्मली ती याच नागपुरात, म्हणून हे जास्तच खटकतं.

नाव नोंदवणार असाल तर सहाव्या शनिवारआधी याकोब 2 आणि उत्पत्ती 22 घरी शेजारी ठेवून वाचून जा. पौल 15व्या अध्यायावर थांबतो, याकोब 22व्यात अब्राहाम मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवतो तिथपर्यंत येतो, आणि वीस मिनिटांत तेवढंच हाती लागतं.